समोरच्या दारातली आई

खरं सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय! गळ्याची आण घेऊन सांगते, म्हणशीला तर चौकात उभी ऱ्हाऊन वरडून सांगते. खोटं निघालं तर माझ्या ताटातली भाकरी उचला आन् तुमच्या कुत्र्याला घाला. गावाचं नाव तेवढं सांगणार न्हाय. बेळगाव आन् निपाणीच्या मधी, हायवेपासनं आत, तंबाखूच्या बंद पडलेल्या वखारी जिथं हायत तिथलं समजा. तर त्या वखारीमागच्या लाईनीत सकाळी दोन जीपा आल्या. पुढच्या जीपमधनं उपासना उतरली, गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं, जपानच्या मोरिताबाईंना हात देऊन खाली घेतलं, मान वर केली, आन् बघती तर आई दारात उभी. आई दारात असली तर त्यात नवल काय? नवल हे, की दार आईचं नव्हतं. समोरचं व्हतं, गंगव्वाचं. डोक्यावर पदर, हातात गंगव्वाचं सूप, सुपात गंगव्वाची ज्वारी. आन् पलीकडं, जो उंबरा धरून उपासना चालायला शिकली त्या उंबऱ्यावर, गंगव्वा कमरेवर हात ठेवून उभी. दोघींची तोंडं अशी, की जणू लग्न होऊन त्याच घरात आलत्या. "या मॅडम," आई म्हणाली. हे 'मॅडम' उपासनाला व्हतं.

ते मॅडम तिच्या नाकात अडकलं. तंबाखूची बारीक धूळ अडकती तसं. तिचा बा भीमसेन ह्याच वखारीत तंबाखू चाळायचा, आन् संध्याकाळी घरी आला की शिंकायचा. अशी शिंक, की कागलातल्या कोंबड्या खुराड्यात उठून बसायच्या. शिंक आली की माणूस मोकळा हुतोय, पर आधीचा जो दम असतोय, डोळ्यात पाणी, त्वांड उघडं, येतीय येतीय आन् येत न्हाय, तसं उपासनाला त्या उन्हात झालं. कारण मॅडम म्हणायला आईला तिनंच शिकवलतं. आदल्या दिवशी फोनवर. "आई, उद्या ऑफिसची माणसं येणार हायत, फॉरेनची पावणी हायत. मला ओळख दाखवू नको." आई म्हणाली, "बरं." एवढंच. का म्हणून इचारलं न्हाय. इचारलं असतं तर उपासनाजवळ उत्तर तयार व्हतं, की ऑफिसात म्हणतील स्वताचीच गल्ली दाखवली, वशिला लावला. गल्ली तिनं निवडली नव्हतीच. नागेंद्र साहेबांनी, म्हंजे पालिकेच्या चीफ ऑफिसरांनी, नकाशावर बोट ठेवलतं. इथं कानडी, मराठी, उर्दू सगळी हायत, ही दाखवू. उपासना खानापुरास्नं बदलून येऊन थोडेच दिवस झालते, मच्छेत खोली घेऊन ऱ्हायची, आईकडं रविवारी यायची. त्या बोटाखाली आपलं घर हाय हे तिनं सांगितलं न्हाय. उत्तर तयार व्हतं ते खरंच व्हतं. पर त्याच्या खाली आणखी एक व्हतं, आन् ते तिनं स्वतालाबी कधी सांगितलं नव्हतं.

मोरिताबाई पन्नाशीच्या, बारीक केसांच्या, पायात पांढरं कापडी बूट. जपानातल्या एका गावच्या पालिकेत त्या भायेरनं आलेल्या लोकांचं खातं बघायच्या. गावात गाड्यांच्या पार्टांचे कारखाने, त्यात नेपाळची पोरं, व्हिएतनामची, ब्राझीलची. शेजाऱ्यांच्या तक्रारी काय, तर मोठ्यानं बोलत्यात आन् कचरा भलत्याच दिवशी भायेर ठेवत्यात. पालिकेनं त्यांच्या त्यांच्या भाषेत पत्रकं छापली, तर ती पत्रकंच भलत्या दिवशीच्या कचऱ्यात निघाली. मग कुठल्याशा परिषदेत मोरिताबाईंना कोण तरी म्हणालं, की भारतात असा एक मुलूख हाय जिथं माणूस एक कप च्या प्येस्तोवर तीन भाषा बोलतोय, तिथं जाऊन बघा. म्हणून हा करार. त्यांची माणसं इकडं आठवडाभर येणार, बेळगावात कॅम्पात उतरणार, आन् इकडचं एक माणूस तिकडं वर्षभर जाणार, त्यांच्या पालिकेत बसून काम शिकणार. नागेंद्र साहेब म्हणालते, "उपासना, तुमचंच नाव पाठवतो. हा आठवडा नीट पार पडू द्या." तवापास्नं उपासना मनानं त्या गावात ऱ्हायलीच जाऊन. बसमधी उभी असली की ती तिथल्या रस्त्यानं चालायची. तिथं कोण तिच्या तोंडाकडं बघून ठरवणार न्हाय, की हिच्याशी काय बोलायचं. आपल्याकडं बघा, दुकानात पाय ठेवला की दुकानदाराचे डोळे पहिल्यांदा ते मोजत्यात. कानडी का मराठी. ते मोजून झालं की दुसरं मोजत्यात, आडनाव काय आसंल. हे दुसरं मोजणं इतकं गुपचूप चालतंय की मोजणाऱ्यालाबी कळत न्हाय. तीबी मोजायचीच की. आन् तिला एक वर्ष, फकस्त एक वर्ष, कुणी न मोजलेलं पायजे व्हतं.

आता दारं का बदललीती ते उपासनाला एका नजरेत कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. ती लहान असताना भाषेवरनं गडबड झाली की लाईनीत हेच चालायचं. बोर्डाला काळं फासलं, यष्टीच्या काचा फुटल्या, की संध्याकाळी पोरं काठ्या घेऊन फिरायची, कधी ह्या बाजूची, कधी त्या. कानडीवाली पोरं आली की गंगव्वा पळत येऊन सुलाबाईच्या, म्हंजे उपासनाच्या आईच्या, दारात उभी ऱ्हायची, "यार बेकु निमग?" म्हणून अस्सल कानडीत खेकसायची, कोण पायजे रं तुमाला, आन् पोरं पुढं जायची. मराठीवाली आली की सुलाबाई गंगव्वाच्या दारात. एकदा एका पोरानं ढकललं आन् गंगव्वाचं मनगट मोडलं, तरी ती दारातनं हालली न्हाय. उपासना आत माच्याखाली बसून बघालती, तिला गंगव्वाच्या फक्त टाचा दिसालत्या, भेगा पडलेल्या, उंबऱ्याला चिकटलेल्या. नंतर तिनं बाला इचारलं, "बा, आक्का खोटं का बोलली, हे आपलं घर हाय की." भीमसेन म्हणाला, "खोटं न्हाय गं त्ये. शेजार हाय त्यो." आन् शिंकला. आज नागेंद्र साहेबांच्या जीपवर कानडीवाल्यांचा लाल-पिवळा झेंडा व्हता, आन् मागच्या जीपमधनं रवळू मेंबर उतरला. रवळू ह्या वॉर्डाचा न्हाय, पलीकडचा, पर जवानीत मराठी पोरांच्या पुढं काठी घेऊन जो चालायचा तो हाच. दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं. म्हाताऱ्या बायकांनी काय करावं? दोन्ही दारं बदलली. पावण्यांचं सांगितलतं खरं, पर जीपा वळताना झेंडा आन् आत बसलेला रवळू दिसल्यावर कुणाचा इश्वास बसायचा?

मोरिताबाई पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या मकबूल टेलरजवळ थांबल्या. उपासनानं इचारलं, "चाचा, घरात कुठली भाषा बोलता?" मकबूलनं चष्म्यावरनं आधी नागेंद्र साहेबांकडं बघितलं, मग रवळूकडं, मग मशीनवरचा पाय काढून म्हणाला, "तुमाला कुठली पायजे?" रवळू हसला, साहेबबी हसले. उपासनानं इंग्रजीत सांगितलं, "हे म्हणतात, गिऱ्हाइकाला लागेल ती." मोरिताबाईंनी मान डोलवली, लई चांगलं म्हणाल्या. उपासनाला वाटलं, अशी मान डोलवत डोलवत ह्या आख्खी लाईन वलांडतील आन् कुठंच पोचणार न्हाईत. मग त्या वळल्या त्या गंगव्वाच्या घराकडं. म्हंजे आईकडं.

"ह्यांना विचारा," मोरिताबाई म्हणाल्या, "गावात तणाव झाला तर ह्या काय करतात?" उपासनाच्या आधी नागेंद्र साहेब बोलले, शांतता कमिटी हाय, हेल्पलाईन हाय. रवळू म्हणाला, "आमच्यात तणावच न्हाय ओ मॅडम, आमी भाऊ-भाऊ." मोरिताबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आन् परत आईकडंच बघालत्या. एवढ्या लांबनं ही बाई ह्या एकाच प्रश्नासाठी आलती, आन् त्याचं उत्तर तिच्या पुढ्यात सूप घेऊन उभं व्हतं, भलत्याच दारात. उपासनानं ते सांगितलं असतं तर तिचं नाव जपानात पक्कं. पर सांगितलं की ते साहेबांना कळणार, रवळूला कळणार, आन् मग पुढल्या गडबडीत ह्या दारांचा काय उपेग? तिनं आईला इचारलं, "आजी, गडबड झाली तर काय करता?" आजी म्हणाली ती. आईला. आई म्हणाली, "काय करनार मॅडम. दार लावून घेतोय." रवळू म्हणाला, "लई शानी हाय म्हातारी."

"पोरंबाळं किती?" मोरिताबाईंचा पुढचा प्रश्न. सरळ साधा, आपल्या बायका बसमधी इचारत्यात तसला. आईनं सूप जरा पाखडलं. "दोन पोरं हायत. मच्छेला फौंड्रीत." ती गंगव्वाची पोरं. "मुलगी?" आई सुपाकडंच बघत म्हणाली, "न्हाय." उपासनाला वाटलं आपण उन्हात न्हाय, माच्याखाली हाय. ज्वारीतला एक खडा आईनं बोटानं बाजूला काढला, तो तिला लई मोठा दिसला, डोंगरायेवढा. कानात आईचा फोनवरचा 'बरं' घुमालता. तिनं तोंड उघडलं आन् इंग्रजीत चोख सांगितलं, ह्यांना दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. आपला आवाज तिनं लांबनं ऐकला. नीट व्हता. ऑफिसातला व्हता.

मग रवळूनं घोळ घातला. "आक्का, पावण्यास्नी भायेरच उभं करतीस व्हय? च्या ठेव की!" आन् मोरिताबाईंना हातानं आत चला म्हणून खूण केली. मोरिताबाईंनी लगेच बूट काढलं. आई जागची हालली न्हाय. "ग्यास संपलाय," म्हणाली. "चूल आसंल की." "दूध न्हाय." "बिनदुधाचा पाज, जपानात तसाच पेत्यात." उपासना बघालती, आईची नजर आतल्या दाराकडं गेली आन् परत आली. कारण एवढ्या वर्षांत सुलाबाई ह्या उंबऱ्यावर कितीदा उभी ऱ्हायली, भायेरच्या खोलीत खांबाला टेकून गंगव्वाशी कितीदा बोलली, पर आतल्या दाराच्या पलीकडं, सैपाकघरात, ती कधी गेली नव्हती. कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं. गंगव्वा उपासनाला शेंगाचटणी द्यायची, भाकरी द्यायची, पर वरनं हातावर टाकायची. पाण्याचा एक गिलास भायेर देवळीत वेगळा असायचा. आन् गडबड निवली, पोरं गेली, सुलाबाई आपल्या घरी परतली, की गंगव्वा मोडक्या मनगटानं उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. उपासनानं बघितलं व्हतं ते. "आई, ती पाणी का टाकालीया?" आई म्हणालती, "धूळ लई असती गं वखारीची." उपासनाला ते पुष्कळ वर्षं खरं वाटलं. नंतर कॉलेजात असताना एक दिवस रानी चन्नम्मा चौकात बसची वाट बघत उभी असताना, काय कारण नसताना, एकदम कळलं की ती धूळ नव्हती. तवा कळलेली गोष्ट, आन् गंगव्वाच्या त्या टाचा, ह्या दोन्हीचं काय करायचं ते तिला आजपतूर कळलेलं नव्हतं. दोन्ही खऱ्या व्हत्या. एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

आई आतल्या दाराशी जाऊन थांबली. पाठमोरी. पदर सारखा केला. भायेर मोरिताबाई सतरंजीवर मांडी घालून बसलत्या, भिंतीवरच्या बसवण्णांच्या फोटोकडं बघत. रवळू फोनवर बोलालता. समोरच्या दारात गंगव्वा, सुलाबाईच्या घरातल्या बुद्धाच्या तसबिरीला पाठ करून, हिकडंच बघालती. तिचं आपलं सैपाकघर आन् त्याच्या दाराशी सुलाबाई. आन् तवा गंगव्वा तिकडनं वरडली, लाईनभर ऐकू जाईल असं, "सक्री म्याल ऐती!" साखर वर हाय म्हणून. मोरिताबाईंना त्यात काय कळलं न्हाय. नागेंद्र साहेबांना कळलं. त्यांनी एकदा समोर बघितलं, एकदा आत, आन् मग आपल्या बुटाकडं बघत बसले. आई आत गेली.

च्या आला. बिनदुधाचा, गुळमाट. मोरिताबाईंनी दोन्ही हातांनी कप धरला, एक घोट घेतला आन् इंग्रजीत म्हणाल्या, की आमच्या गावात कोण कुणाच्या दारात जाऊ शकतं हे मला वीस वर्षं काम करून कळलेलं न्हाय. इथं मात्र सगळी दारं उघडी हायत. हे मी माझ्या गावाला सांगणार. त्यांच्या डोळ्यात पाणी आलतं, खरंखुरं. उपासनानं हे मराठीत केलं. "बाई म्हणत्यात, हितं सगळी दारं उघडी हायत." आई ओठ मिटून जराशी हसली. ते हसणं उपासनाला ओळखीचं व्हतं. 'धूळ लई असती' म्हणालती तवा हेच हसालती.

आन् उपासनाच्या ध्यानात आलं, की ही बाई हे असंच घेऊन जाणार. नेपाळची पोरं, ब्राझीलची पोरं, त्यांना सांगणार की एक मुलूख हाय, तिथं दारं उघडी हायत. आन् आपण तिकडं वर्षभर बसून हेच सांगणार, फोटो दाखवून. आन् तिथं तरी आपल्याला कोण मोजणार न्हाय हे कशावरनं? इथं तर आपणच आईला मोजून बाजूला ठिवलं, ज्वारीतल्या खड्यासारखं. तिनं कप खाली ठेवला. इंग्रजीत बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "मॅडम, हे घर ह्यांचं न्हाय. ह्या माझ्या आई हायत. आमचं घर समोरचं. माणसं भांडायला आली की ह्या दोघी एकमेकींच्या दारात उभ्या ऱ्हात्यात, मार पडला तरी हालत न्हाईत. आन् ह्या घराच्या सैपाकघरात माझी आई आज पहिल्यांदा गेली. आमच्या जातीमुळं. दोन्ही लिहा. एकच लिहू नका."

मोरिताबाई कप हातात धरून तशाच. रवळूनं कानाला लावलेला फोन खाली घेतला. नागेंद्र साहेब कानडीत म्हणाले, "इदन्न रिपोर्टन्याग बरीब्याड्री." रिपोर्टात लिहू नका म्हणून. रागानं न्हाय म्हणाले, पावसाची नोंद करावी तसं म्हणाले. आईला इंग्रजी कळत न्हाय. पर पोरगी आपल्याकडं बोट करून बोलालीया एवढं कळलं. "काय सांगितलीस गं?" आई म्हणाली. 'मॅडम' म्हणणं गेलतं. "माझी आई हाईस म्हणून सांगितलं." सुलाबाईनं कपाळाला हात लावला. "आगं भवाने! मी दोन पोरं म्हणून सांगून बसलेय की. आता ती बाई म्हणंल, म्हातारीला स्वताची पोरं मोजाय येत न्हाईत." रवळू फस्सकन हसला, मग सुलाबाईकडं बघून म्हणाला, "म्हंजे त्या गडबडीच्या साली ह्या दारात हुभी व्हती ती..." त्याची नजर उंबऱ्यावर गेलती.

मोरिताबाई उठल्या, सुलाबाईचे हात हातात घेतले आन् त्यांच्या भाषेत कायतरी म्हणाल्या, लांबलचक. त्याचा अर्थ सांगायला तिथं कोण नव्हतं. मग जीपा गेल्या. उपासना त्या जीपमधीच गेली, कारण कॅम्पात पुढची मीटिंग व्हती. उंबऱ्यावर त्या दिवशी पाणी पडलं का न्हाय, ते बघायला ती थांबली न्हाय.

जपानला माधवी गेली. तीबी पालिकेतलीच, चांगली पोरगी हाय, शांतता कमिटीवर छान बोलती. उपासना गप्प ऱ्हायली असती तर गेली असती, ते तिला ठाऊक हाय. एखाद्या दुपारी फाईलवर मान घालून बसली की ते पांढरं गाव, स्वच्छ रस्ता, कुणाच्याच नजरा नसलेला, तिच्या डोळ्यापुढनं जातोय, आन् ती त्याला जाऊ देती. आता ती रविवारची वाट बघत न्हाय. डबा घेऊन लाईनीत येती, गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून, आन् आईच्या उंबऱ्यावर बसून खाती. मकबूल चाचा मशीन थांबवून म्हणतोय, "आज कुठल्या दारात मॅडम?" ती म्हणती, "आमच्याच."

आता आण घेतलीय म्हणून एक सांगून टाकते. आत्ता सांगितलेल्यात एक गोष्ट मी पदरची घातलीय, एकच. साखर वर हाय म्हणून गंगव्वा वरडली न्हाय. ती समोरच्या उंबऱ्यावर उभी ऱ्हायली, त्वांड मिटून, बघत. सुलाबाई आत गेली ती कुणीबी न सांगता. साखर कुठं ठेवलीय ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून एकेक डबा उघडालती, एकेक झाकण वाजालतं, आन् ते आख्ख्या लाईनीला ऐकू यालतं.